तट फोडून काढलेला रस्ता

क्रीट बेटाच्या पूर्व भागात आयोस निकोलाओस नावाचं बंदरगाव आहे. उन्हाळ्यात रोज सकाळी तिथल्या धक्क्याला बोटी ओळीनं लागतात. माणशी तिकीट काढायचं, वरच्या डेकवर मिळेल ती जागा धरायची, की तासाभरात मिराबेल्लोच्या आखातातून स्पिनालोंगाला पोचता येतं. घाईतल्या माणसांना एलुंडाहूनही बोट मिळते, आणि समोरच्या प्लाका गावाहून तर दहा मिनिटांचंच पाणी ओलांडायचं असतं. मी मुद्दाम लांबची बोट घेतली. ज्या समुद्रानं त्या बेटावरच्या माणसांना इतकी वर्षं अडवून ठेवलं, तो समुद्र थोडा तरी पार करून तिथं जावं असं वाटत होतं.

बोट भरलेली होती. एक पोलिश कुटुंब, काही फ्रेंच मुलं, आणि माझ्या बाकावर इराक्लिओहून आलेलं वयस्कर ग्रीक जोडपं. तो निवृत्त शिक्षक होता आणि बायकोला बेट दाखवायला निघाला होता. ती जन्मभर क्रीटमध्ये राहूनही इथं कधी आली नव्हती. लहानपणी या बेटाचं नाव घरात कुणी काढत नसे, असं तिनं सांगितलं.

बंदर सोडल्यावर थोड्याच वेळात आयी पांदेस हे छोटं बेट लागतं. क्री-क्री नावाच्या क्रीटच्या रानबकऱ्यांसाठी ते राखून ठेवलं आहे. बोटीवरची पोरं कठड्याला चिकटून बकऱ्या शोधत राहिली. पुढे डाव्या हाताला उघडा, खडकाळ द्वीपकल्प सुरू होतो. त्याच्या पलीकडे, एलुंडाच्या बाजूला, ओलूस हे प्राचीन नगर होतं. त्याच्या भिंती आता उथळ पाण्याखाली आहेत. जवळच व्हेनिसवाल्यांची मिठागरं आहेत. या किनाऱ्यावर व्हेनिसचा जीव का होता ते मिठागरांवरून कळतं, आणि सुरक्षित नांगर टाकण्याजोगं एलुंडाचं आतलं पाणी पाहिलं की खात्रीच पटते. त्या पाण्याच्या उत्तरेकडच्या तोंडावर स्पिनालोंगा उभं आहे. बेट जेमतेम साडेआठ हेक्टरचं. पण ज्याच्या हाती बेट, त्याच्या हाती आतलं सगळं पाणी.

व्हेनिसनं १५७९ साली इथं किल्ल्याचा पाया घातला. खाली पाण्याला लागून बेटाला वळसा घालणारा तट, वर डोंगराच्या कण्यावर दुसरा तट, आणि तोफांसाठी समुद्राकडे पोट काढून उभे असलेले अर्धगोल बुरूज. बोट वळसा घेते तेव्हा यातला सर्वांत मोठा बुरूज एकदम समोर येतो आणि डेकवरची बडबड थांबते. सिंधुदुर्ग पाहिलेल्या माणसाला हे बांधकाम परकं वाटत नाही. काळही जुळतो. १६६४ साली मालवणच्या खडकावर शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं, तेव्हा इकडे क्रीटसाठी व्हेनिस आणि ऑटोमन तुर्क यांचं युद्ध जुंपलेलं होतं. ते १६४५ ला सुरू झालं आणि १६६९ ला राजधानी कांदिया, म्हणजे आजचं इराक्लिओ, पडल्यावरच संपलं. सगळं क्रीट गेलं, तरी ग्राम्वूसा, सूदा आणि स्पिनालोंगा हे तीन जलदुर्ग व्हेनिसकडेच राहिले. तुर्की सत्तेपासून पळालेले ख्रिस्ती लोक आणि बंडखोर यांचा तो आसरा होता. स्पिनालोंगा १७१५ पर्यंत टिकलं. एवढ्याशा बेटानं मोठ्या बेटाच्या पाडावानंतर सेहेचाळीस वर्षं काढली.

नंतर किल्ल्यात मुसलमान कुटुंबांचं गाव वसलं. तटाच्या आत पश्चिमेच्या उतारावर घरं चढत गेली, दुकानं आली, मशीद आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला तिथं हजाराहून अधिक वस्ती होती. आज रस्त्यावर जी दगडी दुकानं आणि लाकडी खिडक्यांची घरं दिसतात त्यांतली कित्येक त्यांचीच. मार्गदर्शक या पर्वावरून दोन वाक्यांत पुढे जातात, याचं मला वाईट वाटलं. १८९८ साली क्रीट स्वायत्त झालं आणि ही माणसं हळूहळू निघून जाऊ लागली. जे उरले ते १९०३ मध्ये गेले, कारण त्या वर्षी क्रीटच्या सरकारनं हे बेट कुष्ठरोग्यांसाठी ठरवलं.

त्याआधी क्रीटमधले रुग्ण शहरांच्या वेशीबाहेर, मेस्किनिया म्हटल्या जाणाऱ्या वस्त्यांत भीक मागून जगत. १९०४ च्या शरद ऋतूत पहिले २५१ रुग्ण बोटींतून इथं उतरवले गेले. १९१३ मध्ये क्रीट ग्रीसमध्ये सामील झाल्यावर देशभरातून माणसं येऊ लागली. रोगाचा जंतू नॉर्वेच्या हान्सेननं १८७३ मध्येच शोधला होता, पण औषध नव्हतं. औषध नाही म्हटल्यावर सरकारपाशी एकच उपाय होता: माणूसच नजरेआड करणं.

आमची बोट धक्क्याला लागली. तिथून आत जायला तटाच्या पोटातून जाणारा, वळण घेणारा अंधारा बोगदा आहे. रुग्णांनी त्याला दांतेचा दरवाजा हे नाव दिलं होतं. सगळे गट इथंच रेंगाळतात, फोटो काढतात, आत गेलेला माणूस परत येत नसे वगैरे ऐकतात. ते खोटं नाही. पण बोगद्यातून बाहेर पडल्यावर जे दिसतं त्यानं मला जास्त हलवलं. एक सरळ बाजाररस्ता. दोन्ही बाजूंना दुकानं, वर घरं, दारांच्या चौकटींना निळ्या-हिरव्या रंगाचे उरलेले पोपडे, मागे पावसाचं पाणी साठवायची दगडी टाकी. या बेटावर झरा नाही. छपरावर पडलेला थेंब न् थेंब टाक्यात वळवायचा, आणि तो संपला की समोरून बोटीनं येणाऱ्या पाण्याची वाट पाहायची. रुग्णांना सरकारकडून महिन्याकाठी थोडे पैसे मिळत. त्यावर प्लाकाचे शेतकरी भाजी, अंडी, चीज घेऊन दरवाजाशी बाजार मांडत. नाणी आणि पत्रं निर्जंतुक करूनच बाहेर जात. म्हणजे बेटावरच्यांच्या पैशांवर समोरचं गाव चालत होतं, आणि त्याच गावाला त्यांची भीतीही वाटत होती.

पहिली तीसेक वर्षं हाल झाले. घरं पडकी, डॉक्टर क्वचित येणारे, जखमा बांधायला धड माणूस नाही. १९३६ साली एपामिनोंदास रेमुंडाकिस नावाचा कायद्याचा विद्यार्थी इथं आणला गेला. रोग लपवून तो अथेन्समध्ये शिकत होता. त्यानं त्याच वर्षी रुग्णांची संघटना उभी केली आणि आयोस पांदेलेइमोन या संताचं नाव तिला दिलं. हा संत वैद्य होता, आणि बेटावरचं देऊळही त्याचंच. संघटनेनं सरकारकडे मागण्या केल्या आणि सरकारची वाट न पाहता कामंही काढली. घरांना चुना लागला. रस्ते झाडायची पाळी ठरली. जनरेटर आला, दिवे लागले, नाटकं होऊ लागली, सिनेमा आला, कर्णे लावून रस्त्यावर संगीत ऐकवलं जाऊ लागलं. कॉफीची दुकानं होती, न्हावी होता. रुग्णांना लग्नाची बंदी होती, तरी लग्नं झाली आणि मुलंही झाली. निरोगी मुलांना आईपासून काढून बाहेरच्या अनाथालयात पाठवत असत. बेटावरच्या सगळ्या दुःखांत मला हे सर्वांत क्रूर वाटतं. इथं रोगाचा काही दोष नव्हता, हे माणसांनी ठरवून केलेलं होतं.

१९३९ च्या सुमाराला व्हेनिसच्या तटाचा काही भाग सुरुंगानं उडवून बेटाभोवती फिरायचा रस्ता काढला गेला. वास्तूच्या प्रेमापोटी कुणाला हे खटकेल. मला तो रस्ता या किल्ल्यातलं सर्वांत मोलाचं बांधकाम वाटतो. तोवर रुग्णांना तटाच्या आतल्या उतारावर, भिंतीकडे पाहत बसावं लागे. रस्ता झाल्यावर त्यांना पूर्वेकडचा मोकळा समुद्र मिळाला आणि संध्याकाळी फेरी मारायला जागा मिळाली. मी त्या रस्त्यानं पूर्ण वळसा घातला. बहुतेक मंडळी बाजाररस्त्यावरून परत फिरतात, त्यामुळे मागच्या बाजूला गर्दी विरळ होते. पाण्याच्या रंगाबद्दल लिहायचं तर इथं लिहावं: किनाऱ्याशी काचेसारखं हिरवं, चार हात पुढे गर्द निळं, आणि वाऱ्यानं उठलेल्या लाटांचे पांढरे तुरे थेट क्षितिजापर्यंत. इथल्या माणसांनाही हे दिसत होतं, आवडत होतं, आणि ते दिसावं म्हणून त्यांनी तट फोडून घेतला. त्यांच्या आयुष्याबद्दल बोलताना आपण फक्त जखमा मोजतो, हे बरोबर नाही.

रेमुंडाकिसची दृष्टी पुढे रोगानं गेली. झाँ-दानिएल पोले या फ्रेंच दिग्दर्शकानं १९७३ मध्ये 'लॉर्द्र' नावाचा चित्रपट केला, त्यात तो कॅमेऱ्यासमोर बसून बोलतो. दया मागत नाही. निरोगी माणसांनी आम्हाला कसं दाखवलं आणि का, असा जाब विचारतो. व्हिक्टोरिया हिस्लॉपच्या २००५ च्या 'द आयलंड' या कादंबरीनं आणि त्यावरच्या ग्रीक मालिकेनं बेट जगभर पोचवलं, आणि आजची गर्दी बरीचशी तिच्यामुळे आहे. कादंबरी जरूर वाचावी, पण इथं येण्याआधी त्या माणसाचा आवाजही ऐकावा.

सल्फोन गटाची औषधं १९४० च्या दशकाच्या अखेरीला इथं पोचली. माणसं बरी होऊ लागली आणि घरी परतू लागली. १९५७ साली वसाहत बंद झाली. उरलेल्यांना अथेन्सच्या आया वारवारा इस्पितळात हलवलं. एक धर्मगुरू मात्र १९६२ पर्यंत एकटा राहिला. ऑर्थोडॉक्स रीतीप्रमाणे मृतासाठी चाळिसाव्या दिवशी, सहा महिन्यांनी, वर्षानं, तीन वर्षांनी आणि पाच वर्षांनी प्रार्थना करायची असते. शेवटच्या मृतांच्या प्रार्थना पुऱ्या होईपर्यंत त्यानं बेट सोडलं नाही. दफनभूमी पूर्वेच्या कडेला आहे. साध्या सिमेंटच्या पेट्या, नावं नाहीत. इराक्लिओच्या बाईंनी तिथं क्रूसाची खूण केली आणि बराच वेळ उभ्या राहिल्या.

परतीच्या वाटेवर बोट कोलोकिथाच्या खाडीत नांगर टाकते. पोहायचं ते पोहतात, डेकवर मांस भाजायला लागतं, काकडी-टोमॅटोचं सॅलड आणि पाव फिरतो. सकाळी परके असलेले लोक आता एकमेकांना ताटं देत होते. त्या बाईंनी मला विचारलं, तुमच्याकडे कसं होतं? मी वडाळ्याचं अ‍ॅकवर्थ इस्पितळ सांगितलं, ते १८९० पासूनचं. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये अमरावतीला काढलेलं तपोवन सांगितलं, आणि बाबा आमट्यांचं वरोऱ्याजवळचं आनंदवन, जिथं रुग्णांनी पडीक जमिनीवर विहिरी खणल्या, शेती उभी केली. शिक्षक मान हलवत ऐकत होते. विहिरींचं त्यांना विशेष वाटलं, कारण स्पिनालोंगावरची टाकी त्यांनी नुकतीच पाहिली होती. मग मी हेही सांगितलं की आमच्याकडे कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कायदेशीर कारण होतं आणि संसदेनं ते २०१९ साली काढून टाकलं.

बाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. "म्हणजे हे बेट बंद झाल्यावर बासष्ट वर्षांनी," त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं. जगातले निम्म्याहून अधिक नवे रुग्ण अजून भारतात सापडतात, गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, सहा महिने किंवा फार तर वर्षभर घ्याव्या लागतात, आणि वेळेवर घेतल्या तर हातापायांना काही होत नाही, असं सांगितलं.

"मग लोक लपवतात कशाला?"

त्याचं उत्तर त्यांच्या नवऱ्यानंच दिलं. त्याच्या आईच्या गावात एका घरी अशी मुलगी होती. घरच्यांनी तिला कितीतरी वर्षं माळ्यावर ठेवलं. कुणाला कळलं असतं तर तिला बेटावर नेलं असतं, आणि मागे राहिलेल्या तिच्या बहिणींशी कुणी लग्न केलं नसतं. "आई तिच्यासाठी कधी कधी अंजीर घेऊन जायची," तो म्हणाला. "हे तिनं मला तिच्या म्हातारपणी सांगितलं. तोवर आमच्या घरातही यावर कुणी बोललं नव्हतं."