काजरा आणि सापसण

द्रव्यगुणात, म्हणजे आयुर्वेदाच्या औषधीविषयक शाखेत, पदव्युत्तर शिक्षण घेत असताना बेळगावच्या एका प्रयोगशाळेत माझ्या वाट्याला काजऱ्याच्या बिया आल्या. चपट्या, राखाडी, रेशमी लव असलेल्या. आयुर्वेद याला कुचला म्हणतो आणि वातविकारांवर वापरतो. यातलं स्ट्रिक्निन स्नायूंना आवरून धरणारे मज्जारज्जूतले संदेश अडवतं; झटके येतात, श्वासाचे स्नायू आखडतात आणि माणूस दगावतो.

म्हणूनच शोधन, म्हणजे विष कमी करण्याची प्रक्रिया. बिया सात दिवस गोमूत्रात भिजवायच्या, फडक्यात बांधून दुधात उकळायच्या, साल आणि आतली जीभ (कोंब) काढून तुपात परतायच्या. मग कच्च्या आणि शोधित बियांचे अर्क सिलिकाच्या पट्टीवर शेजारी-शेजारी लावायचे. ड्रॅगनडॉर्फचं द्रावण फवारलं की स्ट्रिक्निनसारखी अल्कलॉइड नारिंगी ठिपक्यांनी उमटतात. हात बसावा म्हणून आधी मी निपाणीच्या तंबाखूचा अर्क लावला होता. निकोटिनही अल्कलॉइडच. ओली पानं खुडणाऱ्या बायकांना गरगरतं, उलट्या होतात, ते कातडीवाटे शिरणाऱ्या याच निकोटिनमुळे.

शोधित काजऱ्याचा ठिपका फिका पडला होता, पण गेला नव्हता. विष कमी झालं होतं, संपलं नव्हतं. कमी झालेलं विष गेलं कुठे? काही साल-जिभेबरोबर, काही गोमूत्रात आणि दुधात उतरलं होतं. ते दूध फेकायचंच असतं. ज्यांनी ही रीत घडवली त्यांच्याकडे ना सिलिका होती ना फवारा, तरी त्यांनी नेमका धोका हेरला होता. या गोष्टीचा मला मनापासून अभिमान वाटतो.

तो अभिमान घेऊनच मी निपाणीला आत्याकडे गेले. तिच्या कुंपणावर सापसणीचा वेल होता. पोटदुखीला, तापाला ती त्याचं मूळ उगाळून द्यायची. मी नको म्हटलं तर म्हणाली, "अगं, माझ्या सासूनं घेतलं, मी घेतलं. झाडपाल्यानं कुणाचं काय हुतंय?"

तिचं चुकत नव्हतं. तिला दिसेल असं काही झालंच नव्हतं. काजरा खाल्लेला माणूस डोळ्यांदेखत तडफडतो, म्हणून परंपरेला तो कळला. सापसणीतलं अॅरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंड हळूहळू निकामी करतं, मूत्रमार्गाचा कर्करोग तर कित्येक वर्षांनी उगवतो. इतक्या उशिरा आलेल्या आजाराचा माग उगाळलेल्या मुळापर्यंत कोण काढणार? 1990च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत चुकून याच कुळातली चिनी वनस्पती मिसळली आणि अनेक बायकांची मूत्रपिंडं गेली. तेव्हा जगाला धोका कळला. 2002 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या कुळाच्या वनस्पती असलेली औषधं माणसात कर्करोग घडवतात, असं जाहीर केलं. हे द्रव्य अल्कलॉइड नसल्याने त्याच्यासाठी चाचणीही वेगळी लागते. आमच्या नारिंगी ठिपक्यांवर विसंबून चालत नाही.

आत्याला मी एवढंच समजावलं: जे लगेच मारतं ते पूर्वजांनी ओळखलं, जे सावकाश मारतं ते आता आपण शोधायचं. तिने मूळ उगाळणं सोडलं आणि मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिनची तपासणी करून घेतली.

आमच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात घरोघरी ही मुळं आहेत. सापसण पोटात घेऊ नका. घेत आला असाल तर डॉक्टरांना तसं सांगून मूत्रपिंडाची तपासणी करून घ्या. काजरा, बचनाग, बिब्बा ही औषधं वैद्याच्या देखरेखीशिवाय घेऊ नका.