लळिंगच्या किल्ल्यावर एक दिवस

धुळ्याहून मालेगावला जाताना लळिंगचा किल्ला बसच्या खिडकीतून दिसतो. घाट लागतो, डाव्या-उजव्या बाजूला डोंगर येतात, वर पडक्या भिंतीची रेघ दिसते आणि तेवढ्यात बस पुढे निघून जाते. आमच्यापैकी बहुतेकांनी किल्ला असाच पाहिला होता. धुळे शहरापासून जेमतेम दहाएक किलोमीटरवर असूनही वर कुणी गेले नव्हते. म्हणून या हिवाळ्यात आठवी-नववीची 31 मुले-मुली, 4 शिक्षक आणि सोबत आलेल्या 5 माता असे आम्ही रविवारी सकाळी निघालो.

निघण्याआधी पालकांची एक बैठक झाली होती. तिथे खर्चाचा किंवा डब्याचा प्रश्न कुणी काढला नाही. एका मातेने हळूच विचारले, "सर, दिवस कसे आहेत तुम्हाला माहीत आहे. मुलींच्या डोक्यावर ओढणी, मुलांच्या डोक्यावर टोपी आणि जायचे किल्ल्यावर. कुणी काही बोलले तर?" कुणीच लगेच उत्तर दिले नाही. शेवटी ठरले की मातांपैकी ज्यांना जमेल त्यांनी सोबत यावे. विचारणाऱ्या बाई सर्वांत आधी तयार झाल्या.

मुलांच्या मनात मात्र भीती नव्हती, उलटेच काहीतरी होते. लळिंग हा फारुकी सुलतानांचा किल्ला, एवढे त्यांनी ऐकले होते. गाडीत बसल्याबरोबर एकाने विचारले, "सर, ये किला तो अपना है ना?" एकीकडे काळजी आणि दुसरीकडे अभिमान, अशी दोन ओझी घेऊन आम्ही लळिंग गावात उतरलो.

गावात जुने हेमाडपंती महादेव मंदिर आहे. काळ्या दगडाचे, नक्षीदार खांबांचे. मंदिराजवळ बसलेल्या एका बाबांना वाट विचारली. त्यांनी मुले मोजली, पाण्याच्या बाटल्या पाहिल्या आणि म्हणाले, "एवढं पाणी पुरायचं नाही. पोरींना पुढं ठेवा, पोरं धावतात, दगड घसरतात." सोंड कुठून धरायची तेही त्यांनी काठीने दाखवले. बैठकीत प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी त्यांना सलाम केला, त्यांनी हात जोडले. बस, एवढेच झाले.

वाट डोंगराच्या सोंडेवरून चढते. सुरुवातीला काटेरी झुडपे आणि वाळलेले गवत, मग उघडा खडक. दोन्ही बाजूंना उतार असल्यामुळे वारा थेट अंगावर येतो. खान्देशातली हिवाळ्याची सकाळ चांगलीच थंड असते, पण पाऊण तासात सगळ्यांचे स्वेटर कमरेला बांधले गेले. बाबांचे म्हणणे आम्ही पाळले. मुली पुढे, मुले मागे, दर दहा मिनिटांनी थांबायचे आणि डोकी मोजायची. एका मातेच्या गुडघ्याला त्रास होता. त्या दोनदा म्हणाल्या, "मी इथेच बसते." त्यांच्या मुलीने दोन्ही वेळा फक्त हात पुढे केला. त्या वर पोहोचल्या, अलहम्दुलिल्लाह.

वर पडझड झालेले दरवाजे, तटाचे तुकडे, बुरूज आणि खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. टाक्यांपाशी मुले बराच वेळ रेंगाळली. डोंगराच्या माथ्यावर पाणी कसे, याचे त्यांना नवल वाटत होते. पावसाचे पाणी अडवायचे आणि ते वर्षभर पुरवायचे, एवढ्या साध्या हिशेबावर किल्ला टिकत असे. पाणी संपले की भिंत कितीही जाड असून उपयोग नाही. उत्तरेला धुळे शहर आणि पांझरेचे पात्र, दक्षिणेला गाळण्याच्या बाजूचे डोंगर आणि पायथ्याशी मुंबई-आग्रा महामार्गावर मुंग्यांसारखे ट्रक. हा किल्ला इथेच का बांधला, हे समजायला त्या महामार्गाकडे पाहणे पुरेसे होते. दख्खनमधून उत्तरेला जाणारी जुनी वाट याच खिंडीतून जात असे.

बुरुजाच्या सावलीत बसून मग इतिहास झाला. फिरोजशाह तुघलकाने 1370 मध्ये मलिक राजा फारुकी यांना थाळनेर आणि करवंद हा भाग जहागीर दिला. हे घराणे आपली वंशावळ हजरत उमर फारूक (रजि.) यांच्यापर्यंत नेत असे, म्हणून फारुकी. मलिक राजा 1399 मध्ये वारले. एका मुलाला थाळनेर मिळाले, दुसऱ्याला, म्हणजे नसीर खानला, लळिंग. आपण बसलो आहोत ती हीच जागा. याच नसीर खानने पुढे तापीकाठी बुऱ्हाणपूर वसवले आणि खुल्दाबादचे बुजुर्ग शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव त्याला दिले. मुले खूश झाली. "अपना किला" म्हणणारा मुलगा तर उभाच राहिला.

इथे थांबता आले असते. आमच्यात क्षणभर नजरानजरही झाली. पण पुढची गोष्ट सांगायची असे ठरले.

नसीर खानला लळिंग पुरेसा मजबूत वाटत नव्हता. त्याचे लक्ष असीरगडावर होते. तिथे आसा अहिर नावाचा मोठा गुराखी सरदार राहत असे. हजारो गाई-म्हशींचा धनी. दुष्काळात त्याने धान्याची कोठारे लोकांसाठी उघडली आणि गडाच्या बांधकामावर गरिबांना काम दिले, असे फरिश्ता या इतिहासकाराने लिहिले आहे. हा माणूस फारुकींचा मित्र होता. नसीर खानने त्याला निरोप पाठवला: आजूबाजूचे राजे माझ्यावर चालून येत आहेत, लळिंग शत्रूच्या फार जवळ आहे, माझ्या घरच्या बायका-मुलांना तुमच्या गडावर आसरा द्या. आसाने लगेच होकार दिला. पहिल्या दिवशी काही डोल्यांतून खरोखरच बायका आल्या. आसाच्या घरच्या बायकांनी त्यांचे स्वागत केले. दुसऱ्या दिवशी आणखी दोनशे डोल्या आल्या. आसा आपल्या मुलांसह पाहुण्यांना सामोरा गेला. डोल्यांचे पडदे उघडले आणि आतून हत्यारबंद शिपाई बाहेर पडले. आसा आणि त्याची मुले मारली गेली. गड नसीर खानचा झाला.

हे लिहिणारा फरिश्ता कुणी परका नव्हता. विजापूरच्या दरबारातला मुसलमान इतिहासकार, घटनेनंतर सुमारे दोनशे वर्षांनी लिहिणारा. त्याने ती लपवली नाही.

मुले गप्प झाली. उभा राहिलेला मुलगा खाली बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "सर, मग तो आपला नाही का?" आम्ही सांगितले की किल्ला आपल्या सगळ्यांचा आहे, खालच्या बाबांचा जेवढा तेवढाच तुझा. तू इथल्या मातीतला आहेस म्हणून तो तुझा आहे. त्यासाठी प्रत्येक राजाची वकिली करण्याची गरज नाही. आसरा मागून दगा देणे हे आपल्या दीनमध्ये मोठे पाप आहे. करणाऱ्याचे नाव नसीर खान असले म्हणून ते लहान होत नाही. आणि त्या दग्याचा जबाब तुला द्यायचा नाही. तो नसीर खान देईल. तुझ्या हातात फक्त खरे सांगणे आहे.

शेवटही सांगितला. नसीर खानची मुलगी बहमनी सुलतानाला दिली होती. नवरा आपल्याला विचारत नाही, अशी तक्रार तिने बापाकडे केली आणि युद्ध पेटले. रोहणखेडला बहमनी सेनापती खलफ हसनने नसीर खानचा पराभव केला आणि बुऱ्हाणपूर जाळले. पळता पळता नसीर खानने आसरा घेतला तो लळिंगचा, जो त्याला कधीकाळी कमजोर वाटला होता. त्याच वर्षी, 1437 मध्ये, तो वारला. फारुकींचे राज्य पुढे चालत राहिले आणि 1601 मध्ये अकबराने असीरगड घेतल्यावर संपले.

मग डबे उघडले. कळण्याच्या पुऱ्या, वांग्याचे भरीत, ठेचा, एका घरून आलेला खिमा. एका मुलाने विचारले, "जुहर इथेच पढायची का?" टाक्यांत पाणी होते, जागा सपाट होती. पण जुहर खाली परतल्यावर पढायची हे आम्ही आधीच ठरवले होते. "वेळ आहे अजून," आम्ही म्हणालो. मुलगा तेरा वर्षांचा आहे. खरे कारण त्याला कळले. त्याने फक्त मान हलवली आणि कागद, पिशव्या गोळा करायला लागला. हे लिहिताना वाईट वाटते, पण खरे सांगायचे म्हटल्यावर हेही सांगायला हवे.

उतरताना कुरणाच्या बाजूने मोराचा आवाज आला. लळिंगच्या कुरणात लांडोर बंगला आहे. धुळ्याच्या कोर्टात एका खटल्यासाठी आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1937 मध्ये तिथे राहिले होते. दरवर्षी 31 जुलैला तिथे हजारो लोक जमतात. एका डोंगराच्या अंगाखांद्यावर मंदिर, सुलतान आणि बाबासाहेब, सगळ्यांच्या खुणा आहेत.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पावसाळ्यानंतर फेब्रुवारीपर्यंत जावे, धुळ्याचे ऊन पुढे सोसत नाही. सकाळी लवकर चढावे, माणशी दोन लिटर पाणी घ्यावे, चप्पल नको, बूट हवेत. टाक्यांच्या काठाशी मुलांना एकटे सोडू नये.

परतीच्या गाडीत नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, पहिल्या दिवशी ज्या बायका डोलीतून आल्या, त्यांना दुसऱ्या दिवशीचं माहीत असेल का?" उत्तर कुणाकडे नव्हते. बैठकीत घाबरलेल्या बाई खिडकीतून किल्ल्याकडे पाहत होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "मुलांना घरी मी सांगते ही गोष्ट. पूर्ण सांगते." आणि मग, "त्या सुलतानांच्या कबरी थाळनेरला आहेत म्हणालात ना? पुढच्या हिवाळ्यात तिकडे जाऊ."

इन्शाअल्लाह, जाऊ.