बट्टा, भीड आणि परदेशचा प्रवास

परदेशप्रवास ठरला म्हणजे आमच्याकडील घरांत प्रथम भाजणी दळून येते, मेतकुटाच्या पुड्या बांधल्या जातात आणि लोकरी कपड्यांची चर्चा आठ दिवस पुरते. पैशांचा विचार मात्र तिकिटाच्या किंमतीपाशीं थांबतो. “कार्ड बरोबर आहे ना, मग झालें!” असें मुलगा फोनवरून सांगतो आणि आईबाप निश्चिंत होतात. अलीकडे आम्हांस पॅरिस व न्यूयॉर्क या दोन शहरीं कांहीं दिवस राहण्याचा योग आला. बरोबर आमच्या आत्याबाई होत्या. जन्मभर शाळेंत शिकवून सांठविलेल्या पैशांतून त्यांनीं हा एकच मोठा प्रवास योजिला होता, तेव्हां त्यांच्या दृष्टीनें प्रत्येक युरो हा मोजूनच खर्चावयाचा होता. कार्डाच्या मागें किती हात पसरलेले असतात हें त्यांच्यामुळेंच आम्हीं बारकाईनें पाहिलें.

आपल्या पूर्वजांस यांत नवल वाटलें नसतें. 1835 सालीं कंपनी सरकारनें एकछाप रुपया सुरू करण्यापूर्वीं आपल्याकडे अंकुशी, चांदवडी असे नाना प्रकारचे रुपये चालत, आणि एक देऊन दुसरा घेतांना सराफ बट्टा कापून घेई. परंतु तो सराफ समोर बसलेला असे. त्याच्याशीं घासाघीस करतां येई, न पटल्यास शेजारच्या पेढीची पायरी चढतां येई. आजचा बट्टा यंत्राच्या पोटांत जाऊन बसला आहे, आणि तो फार गोड बोलतो.

पॅरिसमधील दुकानांत कार्ड यंत्रास लावलें कीं पडद्यावर प्रश्न उमटतो : पैसे युरोंत द्यावयाचे कीं रुपयांत? रुपयांचा आंकडा पाहून जीवास बरें वाटतें, कारण तो आपल्या ओळखीचा. फसगत होते ती येथेंच. रुपये निवडले म्हणजे हुंडणावळीचा दर ठरवितो तो दुकानदाराच्या बाजूचा सावकार, आणि त्यांतील नफ्याचा वांटा पुष्कळदां दुकानदारासही मिळतो. समजा, बाजारांत युरोचा भाव 100 रुपये आहे आणि यंत्र तो 105 धरतें. तर दोनशें युरोंच्या खरेदीवर हजार रुपये विनाकारण गेले. युरो निवडले तर व्हिसा किंवा मास्टरकार्ड यांचा दर लागतो, तो बाजारभावाच्या पुष्कळच जवळ असतो. त्यावर आपली बँक आपला आकार लावते. आपल्याकडील बहुतेक कार्डांवर तो शेंकडा दोन ते साडेतीन असतो, आणि त्या आकारावर पुन्हां 18 टक्के जीएसटी. आणखी गंमत अशी कीं, रुपये निवडल्यानें हा आकार टळतोच असें नाहीं. दुकान परदेशांतील आहे एवढ्याच कारणावरून अनेक बँका तेव्हांही कांहींतरी कापून घेतात. म्हणजे बट्टा दोनदां. तेव्हां उत्तर एकच : ज्या देशांत उभे आहोंत त्या देशाच्या नाण्यांत.

रोख पैसे काढावयाच्या यंत्रांतही हाच प्रश्न असतो, पण जरा अधिक लबाडीनें विचारलेला. “रूपांतर नाकारा” अशा अर्थाची कळ दाबली तर व्यवहारच रद्द होईल असें वाटतें. तसें होत नाहीं. पैसे बाहेर येतात, आणि दर आपल्या बँकेकडचा लागतो. या कामीं क्रेडिट कार्ड मात्र वापरूं नये. त्यावर काढलेल्या रोख रकमेस वेगळें शुल्क असतें आणि व्याज त्याच दिवसापासून धांवूं लागतें. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर 2020 पासून नव्या कार्डाचा परदेशांतील वापर बंदच ठेवलेला असतो; तो आपण सुरू करावा लागतो. तें काम निघण्यापूर्वीं घरींच उरकावें, आणि त्याच बैठकींत खर्चाची मर्यादाही बांधून टाकावी.

आतां भिडेचें प्रकरण. न्यूयॉर्कमध्यें एका कॉफीच्या दुकानांत आत्याबाईंनीं पाण्याची बाटली घेतली. पलीकडच्या तरुणानें पडदा त्यांच्याकडे फिरविला. त्यावर तीन मोठीं घरें : 18, 20, 25 टक्के. “कांहीं नको” हें खालीं, मुंगीएवढ्या अक्षरांत. मागें रांग, समोर तो तरुण. आत्याबाईंनीं मधलें घर दाबलें आणि बाहेर येऊन शांतपणें विचारलें, “त्यानें झांकण तरी उघडून दिलें होतें का रे?” भीड भिकेची बहीण म्हणतात, हा पडदा तिच्याच भरंवशावर उभा असतो.

तरीपण टीप म्हणजे सरसकट लुबाडणूक, असें आम्ही म्हणणार नाहीं. अमेरिकेच्या मध्यवर्ती कायद्यानें टीप मिळविणाऱ्या नोकरास मालकानें ताशीं अवघे 2.13 डॉलर दिले तरी चालतात, आणि हा आंकडा 1991 पासून हललेला नाहीं. टिपा धरूनही 7.25 डॉलर भरले नाहींत तर उरलेले मालकानें द्यावे, असा नियम आहे. कॅलिफोर्नियासारख्या कांहीं राज्यांत ही सवलत मालकांस नाहीं. पण जेथें आहे तेथें पानावर वाढणारी मुलगी तुमच्या टिपेवरच घरभाडें भरते. तेथें टेबलाशीं बसून जेवल्यावर 15 ते 20 टक्के न देणें म्हणजे तिच्या मजुरींतून आपली काटकसर करणें होय. आमच्या मतें तो दोष मालकाचा व कायद्याचा आहे. पण त्याचा वचपा तिच्यावर काढण्यांत कसली हुशारी?

पैसे देतांना बिल मात्र वाचावें. मोठी मंडळी जेवावयास बसली असेल तर सेवेचा आकार पुष्कळदां आधींच चढविलेला असतो, आणि तरी खालीं टिपेची रिकामी ओळ ठेवलेली असते. शिवाय पडद्यावरील टक्के पुष्कळदां करासह रकमेवर मोजलेले असतात. न्यूयॉर्क शहरांत विक्रीकर 8.875 टक्के आहे. तेथील जुने रहिवासी बिलावरील कराचा आंकडा दुप्पट करून तेवढी टीप ठेवतात. चाळीस डॉलरांच्या जेवणास ती सात डॉलर दहा सेंट होते. आत्याबाईंस हा हिशेब फार आवडला, तोंडी होतो म्हणून.

फ्रान्समध्यें सेवेचा आकार पदार्थाच्या किंमतींतच धरलेला असतो. वर दिलें तर तो आपला खुशीचा मामला. जपानांत टीप ठेवली तर पैसे विसरलांत म्हणून मागून धांवत येऊन परत करतील. लंडनमध्यें बिलावर बहुधा साडेबारा टक्के लावलेले असतात. सेवा न आवडल्यास ते काढावयास सांगतां येतें, आणि ऑक्टोबर 2024 पासून ती रक्कम नोकरांस पोंचविणें मालकावर बंधनकारक झालें आहे.

थोडी रोकड जवळ असावी, पण परततांना नाण्यांचा ढीग आणूं नये. आपल्याकडील चलन बदलून देणारे नोटा घेतात, नाणीं सहसा घेत नाहींत. आत्याबाईंनीं शेवटच्या दिवशीं विमानतळावर सारीं नाणीं मोजून तेवढ्याच किंमतीचा चहा घेतला, आणि उरलेली बारा सेंटांची मोड नातवासाठीं रुमालांत बांधून घरीं आणली.