मामांची बाज

दिवसा ती ओसरीच्या भिंतीला टेकून उभी असते. कुणी तिच्यावर टॉवेल वाळत घालतं, कुणी तिच्या खुराला शेळीचं पिल्लू बांधतं. सागाचे चार खूर, चार दांड्या आणि अंबाडीच्या वाखाची दोरी, एवढाच तिचा ऐवज. यवतमाळच्या राळेगाव तालुक्यातल्या एका गावात आमच्या मामांच्या घरी ती माझ्या आठवणीच्याही आधीपासून आहे. दिवेलागणीनंतर ती आडवी होते आणि मग घरात तिचं राज्य सुरू होतं.

स्वभावाने ती करकरी. कुणी कूस बदलली की बोलते, उठून बसलं की जास्तच बोलते. त्यामुळे घरात कुणाला किती झोप लागली हे लपून राहत नाही. सकाळी मामी चुलीपुढून विचारते, "रातभर बाज बोलत होती. झोप नाही लागली का हो?" मामा म्हणतात, "लागली ना. मस्त लागली." दोघांपैकी एक खोटं बोलतो आहे आणि ती बाज नव्हे, हे मामीला पक्कं ठाऊक असतं.

तिचे नखरेही कमी नाहीत. वावराच्या धुऱ्यावर लावलेल्या अंबाडीची पानं भाजीला गेली की उरलेले दांडे पाण्यात कुजवायचे, वाख सोलायचा, पीळ देत दोरी वळायची, तेव्हा तिचं अंग विणून होई. आता गावात बहुतेकांनी नायलॉनची दोरी आणली आहे. मामांनी हट्टाने वाख टिकवला आहे. झोळ पडला की पायथ्याची दोरी गुडघा लावून ताणायची. ढेकूण झाले की रणरणत्या उन्हात टाकायचं आणि सांध्यांत उकळतं पाणी ओतायचं. तिच्यावर उत्तरेकडे डोकं करून निजायचं नाही. तिला उलटी, खूर वर करून टाकली तर मामी अंगावर धावून येते.

एप्रिल-मे हे तिचे मानाचे दिवस. यवतमाळात पारा 44-45 वर जातो, सिमेंटचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत धग सोडत राहतो आणि आतला पलंग गादीसकट तापतो. तेव्हा ही अंगणात, लिंबाच्या झाडाजवळ येते. झोप लागायची तर शरीराच्या आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. अंगातली उष्णता कातडीवाटे बाहेर पडली तरच ते उतरतं. गादी ती अडवून धरते, बाजेची दोरी खालूनही वारा लागू देते. हे शास्त्र मामांना कुणी शिकवलेलं नाही, पण कूलर घेऊन देणाऱ्या मुलाला त्यांनी सांगितलं होतं, "तो डब्बा तूच ठेव. माह्या बाजेखालून हवा येते."

उन्हाळ्याच्या दुपारीही ती रिकामी नसते. पुण्या-मुंबईचे पाहुणे त्या वामकुक्षीकडे जरा हसून पाहतात. त्यांनी चरक वाचावा. त्याने आहार आणि ब्रह्मचर्याबरोबर निद्रेला शरीराच्या तीन उपस्तंभांत बसवलं. दिवसा झोपणं एरवी वाईट म्हटलं, पण ग्रीष्मात चालेल म्हणून सांगितलं, कारण रात्री लहान असतात. विदर्भातल्या उन्हाळ्यासाठीच हा अपवाद केला असावा असं मला वाटतं, अर्थात याला आधार काहीच नाही.

अंगणातल्या बाजेवर पडलं की वर दुसरी बाज दिसते. सप्तर्षींतले चौकोनाचे चार तारे म्हणजे म्हातारीची बाज आणि शेपटातले तीन तारे म्हणजे ती चोरायला आलेले चोर, असं आमच्याकडच्या गोंड गावांत सांगतात. गणेश हलकारे आणि खगोलशास्त्रज्ञ मयंक वाहिया यांनी विदर्भातल्या गोंडांचं आकाशज्ञान नोंदवून 2013 साली प्रसिद्ध केलं, त्यातही ही कथा आहे. ज्याने कुणी ती पहिल्यांदा रचली, त्याला चोरण्यासारखी वस्तू म्हणून सोनंनाणं सुचलं नाही, म्हातारीची निजायची जागा सुचली, हे मला फार आवडतं.

घरातल्या बायांशी मात्र बाजेचं नातं जरा अवघड आहे. मामीला ती पूर्णपणे मिळाली ती बाळंतपणात. खाली शेगडी, ओव्या-शेपाची धुरी, कानाला फडकं. पाचवीच्या रात्री सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते म्हणून सगळ्या बाया बाजेभोवती जागल्या. ते दिवस संपले आणि मामी पुन्हा खाली वाकळीवर आली. सगळ्यांच्या नंतर पाठ टेकायची आणि कोंबडा आरवायच्या आत उठायचं. कापूस वेचणीच्या दिवसांत तर त्याच्याही आधी. घरात सर्वांत कमी झोपणाऱ्या माणसाला सर्वांत कमी बाज मिळते आणि याबद्दल करकर करायला बाजेलासुद्धा सुचलेलं नाही.

दिवाळी उलटली, हरभरा-गहू पेरून झाला की बाज रात्रीही उभीच राहू लागते. शेतीच्या फिडरला लाईन पाळीपाळीने मिळते. आठवड्यातले काही दिवस दिवसा 8 तास, उरलेले दिवस रात्री 10 तास. रात्रीची पाळी आली की मामा मफलर बांधून, बॅटरी घेऊन ओलिताला निघतात. मोटर सुरू झाली तरी पाणी आपणहून सगळीकडे जात नाही. एक दांड फोडायचा, दुसरा बुजवायचा, चिखलात उभं राहायचं. मध्येच लाईन जाते, मग ती येईपर्यंत धुऱ्यावर शेकोटी. ओलित नसेल त्या रात्री जागल. रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभं पीक लोळवून जातो आणि रोही, म्हणजे नीलगायी, आले तर हरभऱ्याचे शेंडे उरत नाहीत. म्हणून मचाणावर बसायचं, डबा बडवायचा, आरोळ्या द्यायच्या. टी-1 म्हणजे अवनी वाघीण पांढरकवडा-राळेगावच्या पट्ट्यात होती, तिच्यावर 13 माणसांच्या मृत्यूंचा ठपका होता, त्या काळातही पीक राखायचं टळलं नाही. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीच्या जंगलात तिला मारलं. तिला मारण्यावरून देशभर वाद पेटला. वाघिणीच्या वाटेवर रात्री माणसं काय करत होती, हा प्रश्न त्या मानाने फारच थोड्यांना पडला.

जागं राहायला खर्रा असतो. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेली ती पुडी विदर्भात खिशाखिशात सापडते. तंबाखूतलं निकोटिन मेंदूला हुशारी आणतं आणि पहाटे घरी येऊन बाजेवर पडलं तरी ती हुशारी लगेच उतरत नाही. त्यात ऊन चढतं, कोठ्यात बैल हंबरतात, दुधवाला येतो. डोळ्यांवर उजेड पडला की शरीरातलं घड्याळ दिवस झाल्याचं जाहीर करतं. पेशींमध्ये हे घड्याळ कसं चालतं ते उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबाश आणि यंग या तिघांना 2017 चं नोबेल मिळालं. मामा दहापर्यंत कुशी बदलतात, बाज करकरत राहते आणि शेवटी दोघंही नाद सोडतात.

"मले सवय हाय," मामा म्हणतात. या वाक्यावर माझा विश्वास होता, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला 2003 चा प्रयोग वाचेपर्यंत. हान्स व्हॅन डोंगेन, डेव्हिड डिंजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना सलग 14 दिवस रात्री 6 तासच झोपू दिलं. शेवटी त्यांचं लक्ष आणि प्रतिसाद एक ते दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतके ढासळले होते. त्यांना विचारलं तर मात्र ती म्हणत, थोडी पेंग येते, बाकी ठीक. झोपेचा तुटवडा मोजणारं यंत्र म्हणजे मेंदू आणि तुटवड्यात तेच यंत्र आधी बिघडतं. सलग 17 तास जागलेल्या माणसाचा हात रक्तात 0.05 टक्के दारू असल्यासारखा चालतो, असं 1997 साली ऑस्ट्रेलियात दिसलं होतं. मामा तशा हाताने ओल्या अंगाने स्टार्टर दाबतात, अंधारात पायाखालचं जनावर चुकवतात आणि पहाटे मोटरसायकलवर घरी येतात.

बाकीची हानी सावकाश होते. शिकागोत 1999 साली 11 धडधाकट तरुणांना सहा रात्री चारच तास झोपू दिलं, तर त्यांच्या रक्तातली साखर निकाली निघण्याचा वेग मधुमेहाकडे झुकलेल्या माणसासारखा मंदावला. वर्षानुवर्षं कमी झोपणाऱ्यांत रक्तदाब, हृदयविकार आणि मधुमेह जास्त आढळतात. प्रौढ माणसाला रोज किमान 7 तास हवेत, यावर झोपेच्या अभ्यासकांचं एकमत आहे. न झालेल्या झोपेला ते कर्जच म्हणतात. यवतमाळच्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. फरक इतकाच, की या कर्जाला माफी जाहीर होत नाही. आयुर्वेदातल्या वाग्भटाने परतफेडीची एक सवलत तेवढी दिली आहे: सवयीबाहेर जागरण घडलं तर जागलात त्याच्या निम्मा वेळ, सकाळी, जेवणाआधी झोपून घ्यावं. त्याच्या वाचकाकडे सकाळ मोकळी होती.

बाजेचं बोलणं नेहमीच ओलितामुळे नसतं. कापसाचा भाव पडला, बोंडअळीने बोंडं खाल्ली, सोसायटीची नोटीस आली की ती लाईन नसलेल्या रात्रीही करकरते. अशा सलग रात्री या जिल्ह्यात कुणीही हलक्यावर घेऊ नयेत. नैराश्य ओळखायला जगभर जी 9 प्रश्नांची यादी वापरतात, तिच्यात तिसरा प्रश्न झोपेचा आहे. झोप उडणं हे दुखण्याचं लक्षण असतं आणि कारणही. राज्य सरकारने 2015 च्या सुमारास शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात आशाताईंना घरोघरी जाऊन नैराश्यातली माणसं हुडकायचं काम दिलं. 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबरही दिवसरात्र चालू असतो. पण नंबर फिरवणारा आधी घरातला कुणीतरी लागतो, रातभर बाज बोलत होती हे ऐकलेला. मामी त्या बाबतीत तरबेज आहे. "लागली ना" हे उत्तर ती सलग तिसऱ्या दिवशी ऐकून घेत नाही.

2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. उन्हावर वीज करायची आणि ती दिवसाच शेतीला द्यायची. आरोग्य खात्याच्या कुठल्याही कागदावर तिचं नाव नसेल, तरी शेतकऱ्याच्या झोपेसाठी इतका थेट उपाय दुसरा नाही, असं माझं मत आहे. जिथे दिवसाची लाईन खरोखर आली, तिथे ओलिताची रात्र सुटली. डुकरं काही सौरऊर्जेवर चालत नाहीत, त्यांच्यासाठी काहींनी झटका मशीनच्या तारा ओढल्या. मामांच्या फिडरची पाळी मात्र अजून तीच आहे.

मागच्या हिवाळ्यात चक्कर आली म्हणून त्यांना डॉक्टरकडे नेलं. रक्तदाब वाढलेला होता. डॉक्टरांनी मीठ विचारलं, खर्रा विचारला, मग म्हणाले, "काका, रात्री किती तास झोपता?"

मामांनी शर्टाची बाही खाली ओढत सांगितलं, "ते लाईनमनले इचारा साहेब. टाईमटेबल त्याच्यापाशी हाय."