उत्तरेचा पाहुणा

विषमज्वरातून उठल्यावर चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीमंदिरालगत पवनेच्या घाटावर सकाळी बसण्याचा जो परिपाठ पडला, त्यात शेपूट अखंड खालीवर हलवीत ओल्या पायऱ्यांवरील कीटक टिपणाऱ्या पांढऱ्या धोब्याशी माझा स्नेह जडला. जेमतेम २०-२५ ग्रॅम वजनाचा हा पक्षी, सैबेरिया आणि मध्य आशियाच्या मुलखात हिवाळ्याने भूमी गोठून कीटक दुर्लभ होतात तेव्हा, आमच्या कारखान्यांच्या इलाख्यात मुक्कामास येतो आणि वसंतात विणीसाठी उत्तरेस परततो. ज्या नदीच्या भरवशावर तो एवढे अंतर तोडतो, तिचे पाणी आम्ही असे मलिन करावे, ही व्यथा त्याला पाहताना असह्य होते. त्याचे घर कोणते म्हणावे, हिमप्रदेशातले की पवनेकाठचे, हा विचार अजून मनात घोळतोच आहे.