आमच्या नेटवाल्याचे ५१२ पत्ते

गेले पंधरा दिवस भेटेल त्याला मी एकच गोष्ट सांगत सुटलोय. घरचे कंटाळलेत, पण सांगितल्याशिवाय मला राहवतच नाही.

झालं असं, गावच्या घरी कॅमेरा बसवला आणि तो पुण्यात मोबाइलवर काही केल्या दिसेना. नेटवाल्याला फोन लावला. तालुक्याच्या गावचा तरुण पोरगा, स्वतः खांबावर चढून वायर ओढणारा. म्हणाला, "काका, तुम्हाला पब्लिक आयपी, म्हणजे नेटवरचा स्वतःचा पत्ता नाहीये. तुम्ही नॅटच्या मागे आहात." मग त्यानं मला राउटरचं पान उघडायला लावलं. तिथला पत्ता १००नं सुरू होत होता. बाहेरच्या जगाला माझा कोणता पत्ता दिसतो तेही बघायला लावलं. तो निघाला १०३चा! एकाच घराला दोन पत्ते?

"१०३वाला खरा," तो म्हणाला. "पण तो बऱ्याच घरांत मिळून एक. माझ्याकडे सगळे मिळून ५१२ आहेत, आणि कनेक्शनं दोन हजारांच्या वर."

पण ५१२च का? पाचशे नाही, हजार नाही?

"मी २०१९ नंतर घेतले ना. आधीवाल्यांना १०२४ मिळायचे."

कोणी ठरवलं हे?

"ते वरून ठरतं, काका."

या "वरून"नंच माझी झोप उडवली. आणि शोधत गेलो तर काय, ते वरून ठरतच नाही!

जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४चे, पत्ते जगात एकूण सुमारे ४२९ कोटी. सुरुवातीला जॉन पोस्टेल नावाचा कॅलिफोर्नियातला एक संशोधक त्यांची नोंद ठेवायचा. तेव्हा अमेरिकेतल्या एमआयटीला १८नं सुरू होणारे सगळे पत्ते मिळाले, एका विद्यापीठाला १ कोटी ६७ लाखांवर! स्टॅनफर्डकडे तसाच ३६चा गठ्ठा होता. त्यांनी तो २००० साली चक्क परत केला आणि पुढे तो आपल्या आशियाच्या वाट्याला आला. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून येरझाऱ्या घालायला लागलो.

आता जगाचे पाच विभाग आहेत आणि प्रत्येकाची एक नोंदणी संस्था. आपली एपनिक. तिचं ऑफिस ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला आणि कारभार ५६ देश-प्रदेशांचा. भारतात २०१२पासून निक्सी या संस्थेच्या छताखालची आयरिन हे पत्ते वाटते. नेटवाल्यानं तिथूनच घेतले.

पण खरी गंमत वाटण्यात नाही, वाटण्याचे नियम कसे ठरतात त्यात आहे. पत्ते संपत चाललेत हे सगळ्यांना दिसत होतं. २००८ साली आपल्या विभागात एक प्रस्ताव आला, क्रमांक ६२. आपल्याला जो शेवटचा गठ्ठा मिळेल तो नेहमीसारखा मागेल तितका वाटायचा नाही. कंपनी केवढीही मोठी असो, तिला त्यातून १०२४च्या वर द्यायचे नाहीत. विचार करा, लाखांनी पत्ते लागणाऱ्या कंपन्या बाजारात असताना हे मान्य झालं! ३ फेब्रुवारी २०११ला जगाच्या साठ्यातले शेवटचे पाच गठ्ठे पाच विभागांना एकेक असे दिले गेले. आपल्या विभागाला आला १०३चा. १५ एप्रिलला बाकीचं सगळं संपलं आणि तो नियम लागू झाला. पुढे २०१९मध्ये पुन्हा बसून वाटा ५१२वर आणला, म्हणजे आणखी उशिरा येणाऱ्यालाही काही उरेल. बाहेरच्या जगाला दिसणारा माझा १०३ तो हाच! आमचा नेटवाला शाळेत असेल तेव्हा, त्याला न ओळखणाऱ्या माणसांनी त्याच्यासाठी पंगतीतलं पान राखून ठेवलं होतं.

ठरवायची रीत तर आणखी भारी. वर्षातून दोनदा खुली बैठक भरते. प्रस्ताव चार आठवडे आधी द्यायचा. त्यात अडचण काय ते लिहायचं, दुसऱ्या विभागांत काय चालतं ते लिहायचं, फायदे लिहायचे आणि, हे मला फार आवडलं, आपल्याच प्रस्तावाचे तोटेही आपणच लिहायचे! मग माइकवर कुणीही यावं, नाव सांगावं आणि बोलावं. मतमोजणी नाही. अध्यक्ष बघतात, आक्षेप किरकोळ आहे की मोठा. मोठा आक्षेप उरला असेल तर एकमत झालं असं धरत नाहीत. झालंच, तर सदस्यांची सभा, पुन्हा किमान चार आठवडे हरकतींसाठी आणि मग कार्यकारी मंडळाची मोहोर. या बैठकांत बोललेला शब्द न् शब्द छापून ठेवलेला असतो. एका रात्री मी तो वाचायला बसलो, तो दोन वाजेपर्यंत.

सहमतीनं गावकी चालवणं किती अवघड असतं ते मी गावात पाहिलंय. इथे जपानपासून फिजीपर्यंतची माणसं, स्पर्धक कंपन्यांची माणसं, एका मर्यादित गोष्टीचं वाटप कोर्टकचेरीशिवाय ठरवतात. मला तरी यापेक्षा थोर काही अलीकडे कळलेलं नाही.

बाकी नव्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही६चे, पत्ते म्हणाल तर ती संख्या ३९ आकडी आहे. आमच्या नेटवाल्यानं गेल्या रविवारी तेही सुरू करून दिले. त्यामुळे कॅमेऱ्यात आता अंगणातलं तुळशीवृंदावन स्वच्छ दिसतं.

तुम्ही नेटचा धंदा करत असाल किंवा संगणक शिकत असाल, तर एकदा या बैठकीत डोकवाच. प्रस्ताव मांडायला सदस्य असावं लागत नाही.