सोन्याच्या गावी एक शनिवार

लक्ष्मीपूजनाच्या ताम्हणात सोन्याचा एखादा दागिना ठेवण्याची चाल आपल्याकडे घरोघर आहे. तो दागिना सराफाकडून आला, एवढे आपल्याला ठाऊक असते. त्याआधी ते सोने कोणत्या अंधारातून वर आले, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ती करण्याचा योग मला बंगळूरच्या मुक्कामात आला. कोलारच्या सोन्याच्या खाणी तेथून सुमारे 100 किलोमीटरांवर. शाळेत असताना ‘भारतात सोने कोठे सापडते?’ या प्रश्नावर ‘कोलार’ असे एका शब्दात उत्तर देऊन आम्ही एक गुण हमखास मिळवीत असू. हल्लीच्या मुलांना हे गाव 2018 सालच्या ‘केजीएफ’ चित्रपटामुळे माहीत आहे. हा मुलूख एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीतला, तेव्हा मराठी माणसाला अगदीच परका नाही.

माझ्याबरोबर पुतण्या होता. बंगळुरात एका मोठ्या कंपनीत तो बारा वर्षे नोकरीस आहे. कंपनीचे नाव मोठे, इमारत त्याहून मोठी. पण गेले वर्षभर धंदा बसलेला. दर तीन महिन्यांनी कोणाची ना कोणाची खुर्ची रिकामी होते. घरात त्याविषयी कोणी उघड बोलत नसे. अवेळी फोन वाजला की सूनबाईंच्या हातातला झारा क्षणभर थांबे, इतकेच.

“काका, मीही येतो,” तो म्हणाला. “सुट्टीच्या दिवशी घरी बसलो की नुसते विचार येतात.”

सकाळच्या गाडीने आम्ही बंगारपेट गाठले. तेथून मारिकुप्पमपर्यंतचा छोटा फाटा 1894 साली खाणींसाठीच टाकलेला. आमच्या डब्यात ऐसपैस जागा होती, आणि समोरून बंगळूरकडे जाणाऱ्या गाड्या मात्र दारापर्यंत भरलेल्या. कर्जत-कसाऱ्याच्या लोकलची आठवण व्हावी अशी गर्दी! सोन्याच्या गावाहून एवढी माणसे सकाळी पळतात कोठे, असे मला वाटले. त्याचा उलगडा पुढे झाला.

उरगाम स्टेशनाबाहेर पडलो की नजर जाते ती टेकड्यांवर. राखाडी, पिवळट, पावसाने चरे पडलेल्या. या टेकड्या निसर्गाने केलेल्या नाहीत. खालचा दगड वर आणून दळायचा, सायनाइडच्या पाण्याने त्यातले सोने काढून घ्यायचे आणि उरलेले पीठ बाहेर टाकायचे. शंभरावर वर्षांच्या त्या दळणाचा हा ढीग. वारा सुटला की हे पीठ घराघरांत जाते.

1880 साली जॉन टेलर आणि कंपनीने येथे बस्तान बसवले, आणि माळावर एक शहर उभे राहिले. 1902 साली शिवसमुद्रमच्या धबधब्यावरची वीज तारांवरून सुमारे दीडशे किलोमीटर चालत या खाणींना आली. खुद्द बंगळुरात ती 1905 साली पोचली. साहेबांसाठी बंगले, क्लब, गोल्फचे मैदान. मजुरांसाठी बांबूच्या तट्ट्यांच्या खोल्यांच्या रांगा. चॅम्पियन रीफची खाण तर 3 किलोमीटरांहून अधिक खोल गेली. तेथे खडकच 60 अंशांहून अधिक तापलेला. त्या खोलीचा शास्त्राला एक उपयोगही झाला. 1965 साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ परदेशी सहकाऱ्यांसह या खाणीत उतरले, आणि वातावरणात जन्मणाऱ्या न्यूट्रिनो कणांचा मागोवा जगात पहिल्यांदा जेथे लागला त्या ठिकाणांत कोलारचे नाव लिहिले गेले.

पण खाण जसजशी खोल जाते तसतसा खर्च वाढतो आणि सोने विरळ होते. आरंभी टनभर दगडातून 40 ग्रॅमच्या वर सोने निघे. अखेरीस ते 3-4 ग्रॅमांवर आले. मालक बदलत गेले. 1956 साली म्हैसूर सरकार, 1962 साली केंद्र सरकार, 1972 साली भारत गोल्ड माइन्स ही सरकारी कंपनी. 1992 साली ती ‘आजारी’ उद्योग म्हणून औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळापुढे गेली, आणि 28 फेब्रुवारी 2001 रोजी बंद झाली. पंप थांबले, खाली पाणी भरले.

एका बंद खाणीच्या तोंडावरचा लोखंडी मनोरा अजून उभा आहे. त्याच्याजवळच्या चहाच्या टपरीवर एक वृद्ध गृहस्थ भेटले. वय पंचाहत्तरीच्या पुढे. पंचवीस वर्षे जमिनीखाली काढलेली. थोडी हिंदी आणि पुतण्याची मोडकी तमिळ यांवर आमचे संभाषण चालले.

“खाण बंद होणार, हे मी लग्नाआधीपासून ऐकत होतो,” ते म्हणाले. “पण रोज भोंगा वाजायचा. आम्ही म्हणायचो, ऐका, कुठे बंद आहे?”

“मग तुम्ही काय तजवीज केलीत?” पुतण्याने विचारले. प्रश्न त्यांना होता. पण विचारणारा स्वतःसाठीच विचारीत होता.

“मी काहीच नाही. बायकोने केली. कंपनी आजारी पडल्याची बातमी आली तेव्हा तिने भिशीचे पैसे उचलले आणि थोरल्याला बंगळूरच्या गाडीचा पास काढून दिला. खाणकामगाराच्या मुलाने दुसऱ्याच्या दुकानात हिशेब लिहायचे? मी तिच्याशी चार दिवस बोललो नाही. खाण बंद झाली त्या दिवशी आमच्या घरात एक पगार चालू होता. शेजारच्या तीन घरांत एकही नव्हता.”

सकाळच्या गर्दीचा उलगडा येथे झाला. गावातली हजारो माणसे आजही पोटासाठी रोज बंगळूरला जातात आणि रात्री परत येतात. गावात 1964 साली निघालेला अर्थमूव्हर्सचा सरकारी कारखाना आहे. पण तो सगळ्यांना कोठून पुरणार?

“आणि घर?” मी विचारले.

म्हातारबुवा हसले. “घर कंपनीचं, दिवा कंपनीचा, पाणी कंपनीचं, दवाखाना कंपनीचा. नोकरी गेली तेव्हा हिशेब केला. माझ्या नावावर एक सायकल निघाली!”

पुढे कित्येक कुटुंबे कंपनीच्याच खोल्यांत राहिली, आणि देणी व घरे यांसाठीचे भांडण कोर्टात वर्षानुवर्षे चालले. मला आपले गिरणगाव आठवले. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार होते. त्यांचेही हाल झाले. पण त्यांतल्या अनेकांना कोकणात, घाटावर एखादी पडवी, भाताचे चार वाफे होते. कोलारच्या कामगारांचे पणजे-आजे तमिळ-तेलुगू मुलखातून आले, आणि तिसऱ्या-चौथ्या पिढीला परत जायला गाव उरले नव्हते. त्यांचे गाव म्हणजे ही कंपनीच.

नोकरीची टांगती तलवार डोक्यावर असली की माणूस रात्रंदिवस एकच विचार करतो, जाईल की राहील? त्याचे उत्तर आपल्या हाती नसते. खाणीतल्या सोन्याचेही नव्हते. आपल्या हाती असतो तो म्हातारबुवांनी उशिरा मांडलेला हिशेब. आपल्या संसारातले काय काय कंपनीच्या नावावर आहे? ते जितके आधी सुटे करावे तितका घाव हलका बसतो.

परतीच्या गाडीत पुतण्याने खिशातला कागद काढला आणि तो हिशेब लिहू लागला. आईवडिलांच्या औषधपाण्याचा विमा कंपनीचा. गाडी कंपनीची. घर स्वतःचे, पण त्याचा हप्ता सर्वस्वी पगारावर. उजवीकडचा, स्वतःच्या नावाचा रकाना बराच वेळ रिकामा राहिला.

रात्री जेवणे झाल्यावर त्याने तो कागद सूनबाईंपुढे ठेवला. त्यांनी वाचला, उठून कपाटातून एक वही आणली आणि त्याच्यापुढे ठेवली. तोच हिशेब, दोन महिन्यांपूर्वीचा! स्वतंत्र विम्याची चौकशी झालेली, पगाराविना किती महिने निभेल याची बेरीज मांडलेली, आणि शेवटी एका शाळेत शिकवण्यासाठी केलेल्या अर्जाची तारीख.

“मला सांगितलं का नाहीस?” तो म्हणाला.

“तू विचारलंस कुठे?”

मी पुण्याला परतल्यावर महिन्याभरात सूनबाई शाळेत रुजू झाल्या. विम्याचा पहिला हप्ता भरला गेला. पुतण्याची नोकरी आज आहे. उद्याचे कोणी सांगावे? पण त्या घरातून फोन येतो तेव्हा आता नोकरीचा विषय दोघेही उघडपणे बोलतात, आणि बोलता बोलता घरखर्चाची वहीही पुढे ओढतात.